सिस्टरांचं घर

(महाळुंगे, ता. मुळशी येथे ग्रामस्थांच्या व्याख्यानमालेत दिलेलं स्मृतिव्याख्यान. छपाईसाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ तुम्ही ही व्याख्यानमाला चालवता, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा समोर बसलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांचा. त्यामुळे मी थेट विषयाला हात घालते. विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने फोनवर काळजीने विचारलं होतं, ‘मॅडम, कॅथलिक सिस्टर्स हा विषय आपल्याकडे चालेल का? एखादा संतसाहित्याचा घेतला तर?’ मी म्हटलं, चालतो का ते पाहू. नाहीच चालला तर पुढच्या वर्षी ज्ञानेश्वरी आहेच.

आपल्याला सिस्टर भेटते ती दवाखान्यात, नाहीतर शाळेच्या फाटकात. ॲडमिशनच्या दिवसांत ज्या फाटकापाशी आईबाप ताटकळतात, ते सगळ्यांना पाठ असतं. शाळेच्या इमारतीमागे, पडदे लावलेल्या खिडक्यांचं जे घर असतं, तिकडे मात्र कुणी फिरकत नाही. तिथे चार-पाच बायका राहतात. त्या एकमेकींच्या बहिणी नाहीत, जावा नाहीत, एका गावच्या नाहीत, पुष्कळदा एका भाषेच्याही नाहीत. आणि जन्मभर त्या अशाच राहणार आहेत.

अशा बायकांनी एकत्र राहायचं कसं, हा प्रश्न महाळुंग्याला परका वाटू नये. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी शेजारी क्रीडासंकुल उभं राहिलं, पलीकडे हिंजवडी वाढली, २०२१ मध्ये गाव महापालिकेत गेलं. मुळेकाठच्या शेतांवर टॉवर आले आणि त्यांत लातूर, अकोला, इंदूरहून आलेल्या मुली एका फ्लॅटमध्ये तिघी-चौघी राहू लागल्या. गॅस कुणी बुक करायचा, फ्रिजमधलं दही कुणाचं, रात्री दोनला फोनवर कोण बोलतंय, यावरून त्यांची भांडणं होतात आणि अकरा महिन्यांचा करार संपला की त्या पांगतात. नात्यागोत्याच्या नसलेल्या बायकांनी एका छपराखाली कसं राहायचं, याचं आपल्या समाजाकडे तयार उत्तर नाही, कारण बाई एका घरातून निघते ती दुसऱ्या घरात जाण्यासाठीच, असं आपण धरून चाललो. कॅथलिक सिस्टर्सनी याचं उत्तर लिहून काढलं, कलमवार, आणि शेकडो वर्षं ते राबवलं.

म्हणून आज मी क्रम उलटा करणार आहे. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांची यादी वाचून शेवटी ‘आणि त्या साधेपणाने राहतात’ असं म्हणण्याची पद्धत आहे. मी घरापासून सुरुवात करते. त्यांचं काम त्या घरातून निघालं. आणि कधी कधी त्या घरानेच कामाची वाट अडवली. माझ्या बोलण्याचा सगळा रोख या दुसऱ्या वाक्यावर आहे.

जिल्ह्यातल्या एका लहान कॉन्व्हेंटमध्ये मला राहायला मिळालं. पाच जणींची कम्युनिटी. पहाटे पाचच्या सुमारास घंटा, मग चॅपलमध्ये अर्धा-पाऊण तास मौन, मग एकत्र प्रार्थना आणि मिस्सा, म्हणजे धर्मगुरूने चालवायची उपासना. आठच्या आत न्याहारी उरकून जी ती आपल्या कामाला: दोघी शाळेत, एक दवाखान्यात, एक वस्तीवर, एक घरी. घरी राहणारीचं काम मला सगळ्यांत कठीण वाटलं. स्वयंपाक, पाहुणे, लाइटबिल, गळका नळ, आजारी सिस्टरचं पथ्य, सगळं तिच्या अंगावर.

स्वयंपाकघरात फळीवर मिठाच्या बरणीशेजारी एक लांबट वही होती. शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार तिच्या हातात राहत नाही, तो कम्युनिटीच्या खात्यात जातो. मग तिला लागणारे पैसे ती मागून घेते आणि लिहून ठेवते. रिक्षा चाळीस, चपलेचा अंगठा वीस, मोबाइल रिचार्ज, पोस्ट. एका पानावर ‘भेळ’ असं लिहून पुढे रक्कम होती आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘दोघींची’. एम.ए., बी.एड. झालेली पन्नाशीची मुख्याध्यापिका भेळेचा हिशेब लिहिते, याचं मला आधी हसू आलं. नंतर वाटलं, दारिद्र्याचं व्रत म्हणतात ते नेमकं इथेच कळतं. जमीनजुमला एकदाच सोडायचा असतो. भेळेचे पैसे मागणं मात्र आयुष्यभर चालतं.

रात्री जेवणानंतर तासभर ‘रिक्रिएशन’. सगळ्यांनी एकत्र बसायचं. दिवसभरात एकीचं दुसरीशी वाजलेलं असलं तरी खोलीत जाऊन दार लावून घेण्याची मुभा नाही. पत्ते, टीव्ही, शिवणटिपण, गप्पा, काहीही करा. पण समोर बसा. एक म्हाताऱ्या सिस्टर मला म्हणाल्या, ‘ब्रह्मचर्य सोपं गं बाई, कम्युनिटी कठीण.’ हे त्या हसत म्हणाल्या, पण डोळे काही हसत नव्हते.

या घरात शिरायला वेळ लागतो. आधी उमेदवारी, मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांपूर्वीचं शिक्षण. त्याचे बारा महिने चर्चच्या कायद्याने सक्तीचे आहेत. मग पहिली व्रतं, तीही मुदतीची: किमान तीन वर्षं, सहसा सहापर्यंत. मुदत संपली की मुलगी मोकळी. थांबायचं असेल तर आजीवन व्रतं. ‘हो’ म्हणण्याआधी मुलीला इतकी वर्षं विचार करू देणारी दुसरी कुठलीही व्यवस्था आपल्या समाजात मला माहीत नाही. आपल्याकडे पोहे खाऊन होईपर्यंत वेळ असतो.

घराची प्रमुख, म्हणजे सुपिरिअर, जन्मभराची नसते. तिची मुदत ठरलेली असते. मुदत संपली की तीच बाई दुसऱ्या गावी साधी सिस्टर म्हणून भांडी घासते. बदलीचं पत्र प्रोव्हिन्शियल, म्हणजे प्रांतप्रमुख, हिच्याकडून येतं आणि दोन बॅगा भरून निघायचं असतं. आज्ञापालन या तिसऱ्या व्रताचा रोजचा अर्थ एवढाच. बाहेरून तो क्षुल्लक दिसतो. पण बारा वर्षं उभं केलेलं काम एका पत्रावर सोडून जावं लागलेल्या सिस्टरला तो विचारा.

आता दाराकडे येऊ. प्रत्येक कॉन्व्हेंटमध्ये एक भाग फक्त सिस्टरांसाठी राखलेला असतो, तिथे बाहेरचं माणूस जात नाही. आजच्या कायद्यात हा नियम सौम्य आहे. मुळात तो फार कडक होता. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेने आणि पाठोपाठ १५६६ मध्ये पाचव्या पायस या पोपने ठरवून टाकलं की नन म्हणजे भिंतीआड राहणारी बाई. बाहेर पडायचं नाही, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. इंग्लंडच्या मेरी वॉर्डने बंदिवासाशिवाय राहणारी, मुलींना शिकवणारी मंडळी उभी केली, तर १६३१ मध्ये रोमने ती मोडून काढली आणि तिला काही काळ म्युनिकमध्ये कैदेत टाकलं. तिच्याच परंपरेतल्या लोरेटो संघातून पुढे मदर तेरेसा आल्या. त्यांनाही १९४८ मध्ये कलकत्त्याच्या वस्तीत राहायला जाण्यासाठी रोमची परवानगी काढावी लागली. तीनशे वर्षांनी दार तेच होतं. या वेळी ते उघडलं, एवढाच फरक.

आपल्या मुलखाजवळ त्या भिंतीचं सगळ्यांत भव्य रूप पाहायचं तर जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ आहे. आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ मध्ये तो स्थापला, बांधकाम १६२७ मध्ये पुरं झालं. गोव्यातले पर्यटक बॉम जेझूच्या बासिलिकेत गर्दी करतात आणि टेकाडावरच्या या तिमजली इमारतीकडे मान वर करून पाहतही नाहीत. इथे शंभरापर्यंत नना राहत. या मठावर सगळ्यांत जास्त रागावली होती गोव्याची नगरपालिका. श्रीमंत पोर्तुगीज घरांतल्या मुली आणि विधवा आपापला हुंडा, वारसा घेऊन आत जातात आणि संपत्ती शहरात फिरायची थांबते, अशी तक्रार थेट पोर्तुगालच्या राजापर्यंत गेली. म्हणजे बाई लग्न न करता राहिली याचं दुःख कमी. तिच्यासोबत पैसा गेला याचं जास्त. त्या काळात या बायका मठाची कारभारीण मतदानाने निवडत होत्या, हेही जाता जाता लक्षात असू द्या. बेबिंका ही थरांची मिठाई याच मठातल्या बिबियोना नावाच्या ननने पहिल्यांदा केली, अशी गोव्यात आख्यायिका आहे. खरी की खोटी कोण जाणे, पण ज्या घरात वेळच वेळ आहे तिथेच असा एकेक थर भाजत बसणारा पदार्थ सुचणार, हे मला पटतं. १८३० च्या दशकात पोर्तुगालने धर्मसंघ बंद केले आणि नव्या मुली घ्यायला मनाई झाली. आत होत्या त्यांना राहू दिलं. शेवटची नन वारली १८८५ मध्ये.

पुण्याच्या लष्करात आलेल्या सिस्टर्स निराळ्या. जीझस अँड मेरी या संघाची स्थापना १८१८ मध्ये फ्रान्समधल्या ल्योंला क्लोदीन तेवने हिने केली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तिच्या डोळ्यांदेखत तिचे दोन भाऊ मारले गेले होते. ल्यों हे रेशमाचं शहर, म्हणून तिने अनाथ मुलींना घरात घेऊन मागावर बसवलं. १८४२ मध्ये तिच्या संघातल्या सिस्टर्स आग्र्याला पोचल्या आणि १८६० च्या सुमारास पुणे लष्करात त्यांची शाळा निघाली. त्याच दशकात बेल्जियमच्या डॉटर्स ऑफ द क्रॉस कराची आणि मुंबईत आल्या. या बायकांची व्रतं ‘साधी’ मानली जात. पूर्ण अर्थाने धर्मसंन्यासिनी म्हणून रोमने असल्या संघांना मान्यता दिली ती १९०० मध्ये. मला वाटतं, या कमी दर्जानेच त्यांचा फायदा केला. त्या पुऱ्या नना असत्या तर भिंतीआड राहाव्या लागल्या असत्या; अर्ध्या होत्या म्हणून बोटीत बसून हिंदुस्थानात येऊ शकल्या.

यात एक खोच आहे. ल्योंमध्ये ज्या संघाने अनाथ पोरींसाठी माग बसवले, तो इथे छावणीत आल्यावर गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या मुलींना शिकवू लागला, मग पारशी, मग आपल्या वरच्या वर्गाच्या. फीच्या पैशावर शेजारी अनाथाश्रम चालवायचा, हा त्यावरचा तोडगा. तोडगा चालला, पण फाटक श्रीमंतांचं झालं ते झालंच. अनेक संघांत आजही याची टोचणी आहे आणि तरुण सिस्टर्स सुपिरिअरांना त्यावरून बोलून दाखवतात.

मिशनकार्य म्हटलं की धर्मांतराचा प्रश्न येणारच, आणि तो टाळून मी पुढे गेले तर तुम्ही मनात म्हणाल, बाईंनी सोयीस्कर उडी मारली. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांनी आपला हेतू कधी लपवला नाही. लोक ख्रिस्ती व्हावेत असं त्यांना वाटत होतं आणि ते तसं लिहीत होते. दुष्काळाच्या वर्षांत अन्न आणि धर्म यांची सरमिसळ झाली, हेही खरं. पण नगर जिल्ह्यातले महार-मांग निव्वळ धान्यासाठी ख्रिस्ती झाले असं म्हणणाऱ्याने, त्यांना आपल्या विहिरीवर पाणी मिळत होतं का, तेही त्याच श्वासात सांगावं. शहरांतल्या शाळांचं म्हणाल तर, पुण्यातल्या कॉन्व्हेंटांनी ख्रिस्ती किती केले यापेक्षा इंग्रज किती केले, हा हिशेब मोठा निघेल.

पुण्यातल्या सिस्टरांची गोष्ट पंडिता रमाबाईंना वगळून सांगता येत नाही. वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या सिस्टर्स १८७७ पासून पुण्यात होत्या. त्या रोमन कॅथलिक नव्हत्या, अँग्लिकन. पण व्रतं, घंटा, मठ सगळं कॅथलिक वळणाचं. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या त्यांच्याकडे, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा तिथे बाप्तिस्मा झाला. पुढचा पत्रव्यवहार ज्यांनी वाचला असेल त्यांना सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांची खडाजंगी आठवेल. सिस्टरांना रमाबाईंकडून आज्ञापालन हवं होतं. रमाबाईंचं म्हणणं, एका पुरोहितशाहीतून बाहेर पडले ती दुसरीत शिरायला नव्हे. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा तर ठिणगीच उडाली. ज्या बाईने भरसभेत शास्त्र्यांना उत्तरं दिली, ती बिशपांना घाबरणार?

याच सिस्टर्सनी रमाबाईंना लंडनमध्ये फुलहॅमचं एक घर दाखवायला नेलं होतं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे त्या सांभाळत होत्या. आपल्या धर्मग्रंथांत अशा बाईसाठी दया आढळली नव्हती, ती इथे माणसांच्या हातांत पाहिली, असं रमाबाईंनी पुढे आत्मनिवेदनात सांगितलं आहे. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ‘कृपा सदन’ निघालं त्याचं बीज इथलं. आज्ञेवरून त्या सिस्टरांशी भांडल्या, आणि घराची कल्पना त्यांच्याचकडून घेऊन आल्या. १८८९ च्या शारदा सदनात त्यांनी विधवांना घेतलं, आणि १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात म्हणून गदारोळ झाला तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो राग मी समजू शकते. पण त्या रागातूनच अण्णा कर्व्यांचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रम लोकांना हवासा वाटला, हेही विसरू नये.

इथे थोडं थांबते, कारण हे आपल्या घरचं आहे. कर्व्यांनी १९०८ मध्ये ‘निष्काम कर्ममठ’ काढला. नावातच मठ. तन-मन-धन संस्थेला वाहणाऱ्या कार्यकर्त्यांची ती बांधलेली मंडळी. त्याआधी १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, त्यात सात शपथा होत्या. म्हणजे व्रतस्थ मंडळी हवी हे पुण्याला कळलं होतं. पण गोखल्यांचे सेवक पुरुष, आणि बरेचसे घरसंसारवाले. बायकांनी बायकांच्या सत्तेखाली, स्वतःचे नियम करून, आयुष्यभर एकत्र राहायचं, हे आपल्याला पेललं नाही. आपल्याकडे परंपरा नव्हती असं नाही. महानुभाव पंथात महदाइसेच्या काळापासून बायका दीक्षा घेत आल्या, जैन साध्वींचे संघ आजही पुण्याच्या रस्त्यांवर अनवाणी चालताना दिसतात. तरीही शाळा, दवाखाने चालवणारी स्त्रियांची व्रतस्थ संघटना आधुनिक महाराष्ट्रात मोठी झाली नाही, आणि त्याचं कारण बायकांत शोधण्यापेक्षा बायकांच्या हाती खातं आणि किल्ली द्यायला कचरणाऱ्या विश्वस्तांत शोधावं, असं माझं मत आहे.

डॉक्टर सिस्टर्सचं एका परिच्छेदात सांगते, कारण त्यातूनही दारच दिसतं. ॲग्नेस मॅक्लॅरेन या स्कॉटिश डॉक्टरला रावळपिंडीत दिसलं की पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात. उपाय सरळ होता: सिस्टर्सनीच डॉक्टर व्हायचं. पण चर्चचा कायदा आडवा, व्रतस्थ व्यक्तीने वैद्यकी करायची नाही आणि बाळंतपण तर नाहीच. तिच्या प्रेरणेने ऑस्ट्रियाची डॉ. ॲना डेंगल रावळपिंडीला आली आणि १९२५ मध्ये तिने मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ सुरू केला. पण पहिल्या सभासदांना रीतसर व्रतं घेता येईनात. रोमने परवानगी दिली १९३६ मध्ये. तोवर किती बायका दाराबाहेर गेल्या असतील त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

आता पुन्हा पुण्यात, शिवाजीनगरला. तिथला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने १९२० च्या दशकात उभा केला. पुढे आदिवासींचा अभ्यासक झालेला व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानात आला तो याच आश्रमात. इथूनच तो शामराव हिवाळ्यांबरोबर गोंडांत गेला. पुढे आश्रम ओस पडत गेला. १९७२ च्या सुमारास त्यात जीव ओतला तो दोन संघांच्या सिस्टर्सनी मिळून: एक, तुम्हाला आत्ताच भेटलेल्या वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्स, दुसऱ्या, सेक्रेड हार्ट या रोमन कॅथलिक संघाच्या. दोन वेगळ्या चर्चांच्या नना एका घरात, एका स्वयंपाकघरात राहिल्या. चारशे वर्षं ज्या मिस्सावरून युरोपात डोकी फुटली, ती बाजूला ठेवून त्या जमिनीवर मांडी घालून जेवत, उपनिषदांतली प्रार्थना म्हणत आणि येईल त्याला सत्संगाला घेत.

सेक्रेड हार्टचं विशेष असं की या संघाला १९६४ पर्यंत बंदिवास होता. मुंबईचं सोफिया कॉलेज १९४० पासून यांचं. तिथल्या प्राध्यापिका असलेल्या नना कॉलेजच्या आवाराबाहेर पाऊल टाकत नसत. आत तत्त्वज्ञान शिकवायचं आणि फाटकाबाहेरचा समुद्र खिडकीतून पाहायचा. सिस्टर सारा ग्रँट १९५६ मध्ये स्कॉटलंडहून अशा घरात आल्या. संस्कृत शिकल्या, शंकराचार्यांच्या ‘संबंध’ या कल्पनेवर त्यांनी प्रबंध लिहिला. १९६४ मध्ये बंदिवास उठला, वर्षभरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सगळ्या संघांना आपापले नियम मुळापासून तपासायला सांगितलं, आणि काही वर्षांत सारा ग्रँट शिवाजीनगरच्या आश्रमात आचार्या म्हणून बसल्या. १९८९ मध्ये केंब्रिजला व्याख्यानं देताना त्यांनी स्वतःला अद्वैतवादी ख्रिस्ती म्हणवून घेतलं. त्यांच्या सहकारी वंदना माताजी जन्माने पारशी, मग कॅथलिक, मग सेक्रेड हार्टच्या प्रोव्हिन्शियल, आणि शेवटी हिमालयाकडे आश्रम काढायला गेलेल्या. दोन्हीकडून टीका झाली. काही ख्रिस्ती म्हणाले, या हिंदू झाल्या. काही हिंदू म्हणाले, भगवी साडी हा नवा सापळा आहे. मला या प्रयोगात अडचण दिसते ती निराळीच. शंकराचार्य आणि उपनिषदं यांच्याशी त्यांचा संवाद सखोल होता, पण शिवाजीनगरहून दहा मिनिटांवरच्या वस्तीत तुकोबा होता, त्याच्याशी कमी. संस्कृतातून भारत शोधणाऱ्या परदेशी माणसाला मराठी कामवाली दिसायला वेळ लागतो. अर्थात हा दोष एकट्या सिस्टरांचा नाही.

कामवाल्या बायका दिसल्या त्या बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेवोस यांना. १९८५ मध्ये त्यांनी घरकामगारांची चळवळ सुरू केली आणि मुंबईतून ती देशभर नेली. त्यात प्रार्थनेचा भाग नव्हता. रजा, मजुरी, मारहाण, चोरीचे खोटे आळ, असे विषय होते.

आणि आता १९९१. ही घटना सिस्टर लुसी कुरियन यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. कण्णूरकडच्या या होली क्रॉस सिस्टर तेव्हा पुण्यात एका संस्थेत बायकांसाठी काम करत होत्या. एक गरोदर बाई दाराशी आली. नवरा मारून टाकेल, आजची रात्र आत घ्या, म्हणाली. कॉन्व्हेंटमध्ये बाहेरच्या बाईला ठेवून घेण्याचा अधिकार लुसी सिस्टरांना नव्हता. त्यांनी तिला सांगितलं, उद्या ये, काहीतरी करते. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवलं. किंकाळी ऐकून सिस्टर धावल्या, तिला दवाखान्यात नेलं. ती गेली, पोटातलं सात महिन्यांचं मूलही गेलं.

ही गोष्ट सांगून लोक बहुधा थेट पुढच्या यशाकडे जातात. मला त्या ‘उद्या ये’पाशी थांबायचं आहे. त्या रात्री कॉन्व्हेंटमध्ये कुणी दुष्टपणा केला नव्हता. घराचा नियम पाळला होता, आणि नियमाला कारण होतं: नात्यागोत्याच्या नसलेल्या पाच जणींचं घर असल्या नियमांवरच टिकतं. सांता मोनिकाच्या भिंतीपासून आत्तापर्यंत मी जे सांगत आले, ते सगळं त्या एका उत्तरात होतं. लुसी सिस्टर कित्येक दिवस अस्वस्थ होत्या. ज्ञानदीप विद्यापीठात शिकवणारे जेझुइट फादर फ्रान्सिस डिसा यांनी त्यांना धीर दिला, पैशासाठी खटपट केली. तरी घर उभं राहायला १९९७ उजाडलं. २ फेब्रुवारीला वढू बुद्रुकला, जिथे संभाजी महाराजांची समाधी आहे, तिथे ‘माहेर’ सुरू झालं. सुरुवातीला गावाला संशय होता, सिस्टर आली म्हणजे बाटवणार. आत शिरल्यावर दिसलं की कामाला गावच्याच बायका आहेत, दिवाळी आहे, ईद आहे, नाताळ आहे, आणि कुणाला धर्म विचारला जात नाही. बाई कुठल्याही वेळी येऊ शकते, हा तिथला पहिला नियम. त्या कामाची नोंद घेऊन २०१६ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते लुसी सिस्टरांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

नियमच वाईट, असा अर्थ यातून काढू नका. वढूच्या घरालाही नियम आहेत, वेळापत्रक आहे, कामाच्या वाटण्या आहेत. नाहीतर मारहाणीतून आलेल्या, घाबरलेल्या, एकमेकींवर खेकसणाऱ्या बायका आणि त्यांची मुलं आठवडाभर एकत्र राहिली नसती. हे कसब लुसी सिस्टरांनी कॉन्व्हेंटमध्येच मिळवलं असणार. रमाबाईंनी फुलहॅममध्ये जे पाहिलं आणि शारदा सदनात जे केलं, त्यांतही तेवढंच अंतर होतं. घर चालवायची विद्या मठाकडून घ्यायची, किल्ली मात्र आपल्या हाती ठेवायची.

आणि किल्ली कुणाकडे, हा प्रश्न मठाच्या आतही मिटलेला नाही. पन्नास सिस्टरांचं घरसुद्धा मिस्सासाठी बाहेरून पुरुष येईपर्यंत थांबतं, कारण कॅथलिक चर्चमध्ये बाईला पौरोहित्य नाही. २०१८ मध्ये कोचीत काही सिस्टर्स एका बिशपांवरच्या बलात्काराच्या आरोपावरून भर रस्त्यात धरणं धरून बसल्या. २०२२ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्या बिशपांना निर्दोष ठरवलं. निकालाबद्दल मी इथे बोलणार नाही. पण आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या बायका पोलिसांत जातात, फलक धरून बसतात आणि तरीही आपण सिस्टरच आहोत म्हणतात, हे मेरी वॉर्डच्या काळापासूनच्या भांडणाचं ताजं पान आहे.

वेळ होत आली. शेवटी सध्याचं थोडं. केरळ, मंगळूर, वसई, गोवा इथून पूर्वी एकेका घरातून दोन-दोन मुली सिस्टर व्हायला निघत. आता घरात मुलंच दोन, आणि मुलीसमोर नर्सिंग करून आयर्लंडला जायचा रस्ता उघडा. नोव्हिशिएटमध्ये आज झारखंड, ओडिशा, छत्तीसगढच्या आदिवासी मुली जास्त दिसतात. त्या कुडुख, मुंडारी, सादरी बोलत येतात, हिंदी-इंग्रजी शिकतात आणि मग खेड्यातल्या कामासाठी मराठी. जुन्या कॉन्व्हेंटांत एकीकडे आजारी, वयोवृद्ध सिस्टरांच्या खोल्या वाढताहेत आणि दुसरीकडे रिकाम्या खोल्याही. काही संघ त्यांत नोकरदार मुलींची हॉस्टेलं चालवतात, काहींनी वृद्धाश्रम काढले, काही ठिकाणी अजून कुलूप आहे. पुण्यातल्या जुन्या दगडी इमारतींखालच्या जमिनीला आज काय भाव आहे, हे महाळुंग्यात सांगायला नको, आणि तो भाव बिल्डरांइतकाच बिशपांनाही ठाऊक असतो. पण संघाची मालमत्ता संघाची असते. तिचं काय करायचं ते प्रांताच्या चॅप्टरमध्ये ठरतं. तिथे सगळ्या घरांतून निवडून आलेल्या सिस्टर्स बसतात, ताळेबंद वाचला जातो, वाद होतात आणि मग मतदान होतं. आदिवासी पट्ट्यातून आलेल्या मुली आता त्या मतदानात बसू लागल्या आहेत.

आता प्रश्न विचारा. अवघड असले तरी चालतील.